मुरंब्याचे कुलपती आणि तीन वर्षांची मुदत

विद्यापीठांतल्या नियुक्त्यांच्या बातम्या एका साच्याच्या असतात. डावीकडे फोटो, त्याखाली नाव, मग पदांची माळ. अमुक मंडळाचे सदस्य, तमुक समितीचे अध्यक्ष, इतके शोधनिबंध, इतकी पुस्तकं, आणि शेवटी 'सर्व स्तरांतून अभिनंदन होत आहे'. नाव ओळखीचं असेल तर वाचणारा थांबतो, नसेल तर पान उलटतो. जानेवारी २०१७ मध्ये अशीच एक बातमी आली होती. बिहारमधल्या नालंदा विद्यापीठाच्या कुलपतिपदी डॉ. विजय पांडुरंग भटकर यांची नियुक्ती झाली. देशभर ती 'सुपरकॉम्प्युटरवाले भटकर' म्हणून वाचली गेली. मूर्तिजापूर तालुक्यात मात्र ती घरातली बातमी होती, कारण भटकरांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ ला याच तालुक्यातल्या मुरंबा गावी झाला.

त्यांच्या पदांची यादीही लांब आहे. २०१२ ते २०१७ या काळात ते दिल्लीच्या आयआयटीच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. त्याच आयआयटीतून त्यांनी १९७२ मध्ये पीएच.डी. मिळवली होती. म्हणजे विद्यार्थी म्हणून बाहेर पडलेला माणूस चाळीस वर्षांनी मंडळाच्या अध्यक्षाच्या खुर्चीत परतला. २००० मध्ये पद्मश्री, २०१५ मध्ये पद्मभूषण, शिवाय महाराष्ट्र भूषण. पण या सगळ्या यादीत एक पद असं आहे, की ज्याच्या नावात काहीच भारदस्तपणा नाही: कार्यकारी संचालक, सी-डॅक, पुणे. १९८८ च्या सुमाराला मिळालेल्या या पदाला मानाची झूल नव्हती. त्याला एक अवघड प्रश्न चिकटलेला होता आणि तीन वर्षांची मुदत होती. विज्ञानातल्या नियुक्तीचं मोल कशात असतं, हे त्या पदाकडे पाहून नीट कळतं, म्हणून आज त्याबद्दल.

आधी एक घोळ मिटवू. कुलपती आणि कुलगुरू या शब्दांची आपल्याकडे सर्रास गल्लत होते. विद्यापीठाचा रोजचा कारभार चालवतात ते कुलगुरू. राज्याच्या विद्यापीठांत, म्हणजे आपल्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, कुलपती हे राज्यपाल असतात, तेही पदसिद्ध. नालंदाचं तसं नाही. ते संसदेच्या २०१० च्या कायद्यानं उभं राहिलेलं विद्यापीठ आहे, तिथे राष्ट्रपती हे सर्वोच्च अभ्यागत असतात आणि कुलपतीची वेगळी नेमणूक होते. पहिले कुलपती अमर्त्य सेन. त्यांच्यानंतर सिंगापूरचे जॉर्ज यिओ आले आणि विद्यापीठाच्या स्वायत्ततेचा प्रश्न उपस्थित करून नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्या रिकाम्या खुर्चीवर भटकर आले आणि २०२३ मध्ये अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी त्यांची जागा घेतली. एवढ्या ओळींतूनच लक्षात येईल की कुलपतिपद हे मानाचं खरं, पण त्यावरच्या माणसाच्या हातात किती असतं, हा वेगळा प्रश्न आहे.

सी-डॅकच्या संचालकाच्या हातात मात्र बरंच होतं, आणि अंगावरही.

भटकरांचं शिक्षण आजच्या भाषेत सरळ रेषेत झालं. नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आताच्या व्हीएनआयटीतून, १९६५ मध्ये बी.ई.; बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९६८ मध्ये एम.ई.; मग दिल्ली. पुढे इलेक्ट्रॉनिक्स आयोगात आणि तिरुअनंतपुरमच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्रात काम. चाळिशी ओलांडली तेव्हा त्यांच्या समोर जो प्रश्न आला, त्याचं मूळ पावसात होतं. हे ऐकून वऱ्हाडातल्या वाचकाला नवल वाटायला नको.

१९८० च्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेच्या क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. अमेरिकेला भीती वाटत होती की हेच यंत्र अण्वस्त्रांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या गणितासाठी वापरलं जाईल. बऱ्याच वाटाघाटींनंतर दिल्लीच्या हवामान केंद्रासाठी क्रे एक्स-एमपी जातीचं एक लहान यंत्र मिळालं, तेही फक्त हवामानासाठीच वापरायचं आणि त्यावर अमेरिकेची देखरेख राहील, या अटींवर. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला त्याहून ताकदवान यंत्र हवं होतं. ते नाकारलं गेलं. तेव्हा सरकारनं ठरवलं की आपणच करू. त्यासाठी सी-डॅक स्थापन झालं, भटकरांना नेमलं गेलं आणि सांगितलं गेलं: तीन वर्षं.

पावसाच्या अंदाजाला एवढं मोठं यंत्र लागतंच कशाला? वरवर पाहता ढग दिसतात, वारा कळतो, मग हिशेब कसला? तर हवामानाचं गणित असं चालतं. पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोनी खोके पाडायचे, जसे शिवाराचे वावरात तुकडे पडतात. प्रत्येक खोक्यातलं तापमान, दाब, ओलावा, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांचा आकडा घ्यायचा. मग भौतिकशास्त्राची समीकरणं लावून पुढच्या काही मिनिटांनी हे आकडे काय होतील ते काढायचं. ते आले की त्यांच्यावरून पुढच्या काही मिनिटांचं. असं करत करत पाच-सात दिवस पुढे जायचं. गंमत अशी, की एका खोक्यातली हवा शेजारच्या खोक्यात सतत जात-येत असते. तेव्हा प्रत्येक पायरीला प्रत्येक खोक्यानं आपल्या शेजाऱ्यांची खबर घ्यावी लागते. धुऱ्यावरून शेजारच्या वावराकडे पाहिल्याशिवाय आपल्या वावराचा हिशेब लागत नाही.

हे गणित हातानं करून पाहणारा माणूस होऊन गेला. लुईस फ्राय रिचर्डसन हे त्या इंग्रज शास्त्रज्ञाचं नाव. त्यानं २० मे १९१० या एका दिवसाच्या, मध्य युरोपातल्या एका ठिकाणच्या सहा तासांचा अंदाज कागदावर काढायला घेतला, तर त्याला सहा आठवडे लागले. आणि उत्तर सपशेल चुकलं! हवेच्या दाबात त्यानं काढलेला फरक इतका प्रचंड होता, की तसं झालं असतं तर युरोपात हलकल्लोळ माजला असता. त्या दिवशी प्रत्यक्षात हवा शांत होती. तरी १९२२ च्या आपल्या पुस्तकात त्यानं एक कल्पना मांडली. एका भल्यामोठ्या गोल सभागृहात चौसष्ट हजार माणसं गणितं करत बसली आहेत, प्रत्येकाला पृथ्वीचा आपापला तुकडा वाटून दिलेला आहे, प्रत्येक जण आपलं उत्तर शेजाऱ्याला दाखवतो आहे, आणि मधोमध उंच खांबावर बसलेला एक जण वाद्यवृंदाच्या संचालकासारखा सगळ्यांचा वेग सांभाळतो आहे. एवढी माणसं असतील तर गणित हवामानाच्या बरोबरीनं धावू शकेल, असा त्याचा हिशेब होता. संगणक नावाचं यंत्र अस्तित्वात नसताना केलेलं हे वर्णन आजच्या महासंगणकाला जवळजवळ तंतोतंत लागू पडतं.

भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच रस्ता धरला. क्रेचं तत्त्व वेगळं होतं. अत्यंत वेगवान, अत्यंत महाग असे एक-दोन मेंदू बनवायचे आणि सगळं काम त्यांच्याकडून करून घ्यायचं. तसा मेंदू बनवण्याचे कारखाने आपल्याकडे नव्हते, आणि तीन वर्षांत उभे राहणंही शक्य नव्हतं. दुसरा रस्ता होता मजुरांच्या टोळीचा. दहा एकर पऱ्हाटी वेचायला एका बाईला दोन महिने लागत असतील, तर साठ बायांची टोळी ती एका दिवसात वेचेल. प्रत्येकीचा हात चपळ असण्याची गरज नाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या चिप घ्यायच्या, शेकड्यानं घ्यायच्या आणि काम वाटून द्यायचं.

ऐकायला सोपं आहे, पण अडचण वेचणीत नसते, काट्यावर असते. साठ जणी वेचून आल्या तरी कापूस तोलायला काटा एकच. तोलायला एक तास लागतो असं धरू. साठाच्या जागी सहाशे बाया लावल्या तर वेचणी तासाभरात आटोपेल, पण तोलणं तेवढंच राहील आणि उरलेला वेळ सगळ्या जणी रांगेत उभ्या. जीन ॲम्डाल या अमेरिकी संगणकतज्ज्ञानं १९६७ मध्ये हीच मर्यादा मांडली होती: कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तो शेवटी सगळ्यांचा वेग ठरवतो. त्यात हवामानाच्या गणितात शेजाऱ्याशी बोलणं आलंच. म्हणून टोळी जमवणं हे अर्धं काम असतं. कोणी कोणाशी, कधी, कोणत्या वाटेनं बोलायचं हे ठरवणं हे खरं काम.

ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची 'ट्रान्सप्युटर' नावाची चिप तेव्हा नवी होती. तिचं वैशिष्ट्य असं, की तिला शेजारच्या चिपांशी बोलायला चार दारं जन्मतःच दिलेली होती. सी-डॅकनं ती निवडली. यंत्राचं नाव ठेवलं 'परम'. 'पॅरलल मशीन' या इंग्रजी शब्दांतली अक्षरंही त्यात येतात आणि संस्कृतातला अर्थही. १९९० मध्ये झुरिकच्या महासंगणकांच्या प्रदर्शनात नमुना यंत्राची चाचणी झाली आणि ऑगस्ट १९९१ मध्ये ६४ चिपांचं 'परम ८०००' सुपूर्द केलं गेलं. मुदत जवळपास पाळली गेली. सरकारी प्रकल्पांत हे किती दुर्मिळ आहे, ते वाचकांना सांगायला नको.

'जगातला दुसऱ्या क्रमांकाचा महासंगणक' हे परमबद्दलचं वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. सत्कार समारंभात ते हमखास येतं. ते जरा जपून घ्यायला हवं. झुरिकला जी यंत्रं उघडपणे दाखवली आणि मोजली गेली, त्यांत अमेरिकेच्या खालोखाल भारताचं यंत्र ठरलं, एवढा त्याचा अर्थ आहे. जगातल्या सगळ्या यंत्रांत दुसरं, असा नव्हे. तसंच वेगाचं. २५६ चिपा जोडल्या तर 'परम ८०००' चा कागदावरचा वेग सेकंदाला १०० कोटी आकडेमोडी एवढा होता. प्रत्यक्ष कामात तो १० ते २० कोटींच्या घरात मिळे. बाकीचा वेळ काट्यापुढच्या रांगेत जात होता. आज आपल्या खिशातल्या साध्या मोबाइलची चिप यापेक्षा कितीतरी पुढे आहे.

आणखी एक गोष्ट अभिनंदनाच्या फलकांवर मावत नाही. त्या काळात या वाटेवर सी-डॅक एकटं नव्हतं. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनं 'फ्लोसॉल्व्हर' हे समांतर संगणकयंत्र १९८६ मध्येच उभं केलं होतं. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'अनुपम' होतं, संरक्षण संशोधन संस्थेचं 'पेस' होतं. भटकरांचं वेगळेपण मला वाटतं ते असं: बाकीच्यांनी आपल्या घरच्या कामापुरतं यंत्र केलं, परम मात्र दुसऱ्याला देता येईल अशा बेतानं केलं गेलं. त्यामुळे ते देशातल्या संशोधन संस्थांमध्ये गेलं, रशियासह परदेशांतही गेलं. चिप ब्रिटिश होती हे खरं, पण ती जोडण्याची रचना आणि तिच्यावर चालणारी प्रणाली इथली होती, आणि समांतर गणित कसं मांडायचं हे येणारी तरुण मुलं त्यातून तयार झाली.

हे सगळं घडलं कुठे, तर पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारात. त्याच आवारात, त्याच १९८८ मध्ये, डॉ. जयंत नारळीकरांनी 'आयुका' सुरू केली. सरकारनं नेमलेले दोन संचालक एका आवारात, एक आकाशातल्या ताऱ्यांकडे पाहणारा, दुसरा ढगांच्या गणिताकडे. आपल्याकडे चांगल्या नेमणुकांचं एखादं वर्ष असतं, तसं ते होतं.

सी-डॅकच्या आणखी एका कामाची आठवण इथे काढली पाहिजे, कारण परमपेक्षा तेच आपल्या तहसील कार्यालयापर्यंत आधी पोहोचलं. संगणकावर देवनागरी उमटवण्याचं 'जिस्ट' तंत्र मूळ आयआयटी कानपूरच्या प्राध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या खटपटीतून जन्मलं. मोहन तांबे हे त्यातलं प्रमुख नाव. ते काम पुढे सी-डॅकमध्ये आलं, त्याचं कार्ड बनलं आणि साध्या संगणकात बसवून मराठीत दाखले, याद्या, पत्रं छापता येऊ लागली. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानक ठरलं, त्यामागेही हीच परंपरा. विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेतलं संशोधन कागदावर न राहता कचेरीतल्या टेबलावर आलं, ते असं.

परमची पुढची पिढी येत राहिली. १९९८ मध्ये 'परम १००००', २००२ मध्ये सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडींचा टप्पा ओलांडणारं 'परम पद्म', आणि अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२४ मध्ये, पुणे, दिल्ली आणि कोलकात्यात तीन 'परम रुद्र' यंत्रं. मात्र हवामानाचा अंदाज आज ज्यावर निघतो, ते पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतलं 'अर्क' हे यंत्र परमच्या घराण्यातलं नाही. ते फ्रान्सच्या कंपनीकडून आलं आहे. त्याची ताकद ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे २५६ चिपांच्या 'परम ८०००' च्या कागदावरच्या वेगाच्या एक कोटी पटींहून जास्त. यंत्र बाहेरचं असलं, तरी त्यावर चालणारं हवामानाचं गणित पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी बसवलं आहे. त्याला 'भारत पूर्वानुमान प्रणाली' म्हणतात. मे २०२५ मध्ये ती सुरू झाली आणि तिच्या खोक्यांची रुंदी ६ किलोमीटर आहे. आधी ती १२ होती.

बारावरून सहावर येणं म्हणजे अर्ध्यावर येणं, पण गणित अर्ध्यानं वाढत नाही. चौकोनाची बाजू अर्धी केली की एका चौकोनाचे चार होतात. खोका लहान झाला की वारा तो लवकर ओलांडतो, म्हणून वेळेची पायरीही अर्धी करावी लागते. चार गुणिले दोन, म्हणजे आठपट काम. १२ किलोमीटरच्या खोक्याखाली १४४ चौरस किलोमीटर जमीन येत होती, आता ३६ येते. म्हणजे पूर्वी साधारण अख्खं महसूल मंडळ एका आकड्यात गुंडाळलं जात होतं, आता चार-सहा गावांची शिवारं.

मूर्तिजापूरसारख्या तालुक्यात या फरकाला पैशाची किंमत आहे. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात तालुक्याचा बराच भाग येतो. विहीर खणली तर पाणी खारट, ते पिकाला दिलं तर काळी जमीन बिघडते. मुरंबा हे गावाचं नाव गोड, पण भोवतालचं पाणी असं. इथे कपाशी, सोयाबीन, तूर यांची सगळी मदार वरच्या पाण्यावर. जूनमध्ये एक सर आली म्हणून पेरलं आणि पुढचे पंधरा दिवस पावसानं दडी मारली, की बियाणं गेलं, खत गेलं, मजुरी गेली. दुबार पेरणी हा शब्द वर्तमानपत्रात एका ओळीत येतो. घरात तो कर्जाच्या दुसऱ्या हप्त्याच्या रूपानं येतो. पुढचे दहा दिवस कोरडे जाणार आहेत, हे पेरणीच्या आधी कळणं एवढीच मागणी आहे.

पण पुण्याच्या यंत्रातून निघालेला आकडा वावरापर्यंत आपोआप येत नाही. 'पुढील पाच दिवसांत तुरळक ठिकाणी हलका पाऊस' या वाक्याचं 'कपाशीवर फवारणी आज करा, परवा नको' असं भाषांतर कोणीतरी करावं लागतं. हे काम कृषी विद्यापीठांतले कृषी-हवामानतज्ज्ञ करतात. आपल्या भागासाठी ते अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून होतं. त्याच्या एक पायरी खाली, जिल्हा पातळीवर, कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी-हवामान केंद्रं उघडली होती. प्रत्येक ठिकाणी एक विषयतज्ज्ञ आणि एक निरीक्षक, दोघंही कंत्राटी. देशभरातली अशी १९९ केंद्रं बंद करण्याचा निर्णय २०२४ च्या सुरुवातीला झाला. माहिती आता स्वयंचलित यंत्रं गोळा करतात, असा त्यामागचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद मला पटत नाही. पाऊस मोजायला माणूस लागत नाही, हे कबूल. महावेध प्रकल्पात राज्यात महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत आणि ती चांगली गोष्ट आहे. पण त्या १९९ ठिकाणच्या माणसांचं मुख्य काम मोजण्याचं नव्हतं, सांगण्याचं होतं. जिल्ह्यात कोणत्या भागात कपाशी कोणत्या अवस्थेत आहे, कुठे जमीन भारी आहे, कुठे चिबडते, हे त्यांना माहीत असे. त्यावरून एकाच अंदाजाचे दोन वेगळे सल्ले निघत. खोका सहा किलोमीटरचा झाला, तेव्हा अशा माणसांची गरज वाढायला हवी होती. आकडा बारीक होत गेला आणि तो वाचून दाखवणारा मात्र कमी झाला.

अशा नियुक्त्यांच्या बातम्या येत नाहीत, त्यांच्या संपण्याच्याही फारशा येत नाहीत. कंत्राटी विषयतज्ज्ञाचा सत्कार कोण करणार? आपल्या गावोगावच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र आणि गणित शिकवणाऱ्यांचंही तेच. मुरंब्यासारख्या गावातून पुढचा विद्यार्थी नागपूरपर्यंत आणि तिथून पुढे जायचा असेल, तर त्याची गाठ आधी यांच्याशी पडणार आहे, कुलपतींशी नाही. वेळेवर भरलेली एक साधी जागा आणि वर्षानुवर्षं रिकामी ठेवलेली एक जागा यांतला फरक तीस वर्षांनी दिसतो, म्हणून तो बातमीत बसत नाही.

भटकरांच्या बाबतीत तीस वर्षं उलटून गेलेली असल्यामुळे फरक मोजता येतो. ज्या नेमणुकीत प्रश्न स्पष्ट होता, निधी होता, माणसं निवडण्याची मोकळीक होती आणि मुदत होती, तिच्यातून एक यंत्र आणि माणसांची एक पिढी निघाली. नालंदाच्या सहा वर्षांबद्दल तसं बोट ठेवून काय सांगायचं, हे त्यांच्या चाहत्यांनाही अवघड जाईल. यात त्यांचा दोष धरायचं कारण नाही. पदाची घडणच तशी आहे.

येत्या खरिपात पत्रक वाचताना मात्र दोन-तीन शब्दांचे अर्थ ठाऊक असलेले बरे. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. आपल्या वावरात तो पडेलच, असा त्याचा अर्थ होत नाही, आणि पडला नाही तर अंदाज चुकला असंही नाही. 'काही ठिकाणी' म्हणजे चतुर्थांशापेक्षा जास्त, निम्म्यापर्यंत. 'जोरदार' हा शब्द २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस अपेक्षित असेल तेव्हाच येतो. कोरडवाहू पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, हा कृषी खात्याचा जुना सल्ला अजून तसाच आहे. तो एका सरीला लागू नाही, साचलेल्या ओलीला लागू आहे. 'मेघदूत' या मोबाइल ॲपवर जिल्ह्याचा अंदाज आणि पिकाचा सल्ला मराठीत मिळतो. 'दामिनी' हे पुण्याच्याच संस्थेचं दुसरं ॲप आसपास वीज पडण्याची सूचना देतं. रानात काम करणाऱ्या प्रत्येक घरात ते एका तरी फोनमध्ये असावं, कारण पावसाळ्याच्या तोंडावर वावरात होणारे विजेचे मृत्यू दरवर्षी आपल्या पानांवर येतात.

कृषी-हवामान सल्ल्याचं पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं. पेरणीच्या आठवड्यात दोन्ही वाचा. मंगळवारी पाच दिवसांचा म्हणून दिलेला अंदाज शुक्रवारपर्यंत बदललेला असू शकतो, आणि बदलला असेल तर नवा धरायचा.